रेडिओतली खरखर, स्पीकरमधली भणभण: गेली असं वाटतं आणि परत येते, तिचा माग कसा काढायचा

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. मिडियम वेव्हवर पुणे केंद्र, ७९२ किलोहर्ट्झ, दुपारी स्वच्छ लागतं. दिवेलागणीला त्यावर खरखरीचा थर चढतो. रेडिओ दुरुस्तीला नेला तर दुकानात ठणठणीत वाजतो, घरी आणला की पुन्हा तेच. कुणाच्या होम थिएटरमधून गाणं थांबलं तरी मागे सलग भणभण उरते. कुणाचा मोबाइल चार्जिंगला लावला की बोट न लावताच स्क्रीन नाचायला लागते. कुणी टाकीच्या पंपासाठी हौसेनं ऑटोमॅटिक सर्किट बनवलेलं असतं, ते पंप बंद होताना हमखास हँग होतं.

ही वेगवेगळी दुखणी वाटतात, पण चारही विद्युतचुंबकीय व्यत्ययाचीच आहेत. एका उपकरणातून सांडलेली वीज दुसऱ्यात शिरते आणि त्याला ती आपलाच सिग्नल वाटते. ती परत परत का येते, याचं उत्तर बहुधा इतकंच असतं की आपण इलाज ज्याला त्रास होतोय त्याच्यावर करत बसतो. रेडिओ बदलतो, स्पीकरची वायर बदलतो, फोनची स्क्रीन बदलून घेतो. त्रास देणारा मात्र शेजारच्या खोलीत निवांत चालू असतो. म्हणून काहीही विकत घेण्याआधी त्रास कुठून निघतो आणि कुठल्या वाटेनं येतो, हे शोधायचं. त्यासाठी लागणारं यंत्र कित्येक घरांत माळ्यावर पडलेलं असतं: सेलवर चालणारा, मिडियम वेव्ह लागणारा छोटा ट्रान्झिस्टर रेडिओ.

आधी आवाज नीट ऐका

आवाजातून निम्मा तपास होतो. खालच्या पट्टीतली गुळगुळीत 'हूंऽऽ' असेल तर ती ५० हर्ट्झची, म्हणजे थेट मेन्सची, घरात येणाऱ्या एसी विजेची. ती बहुधा अर्थिंगच्या फेऱ्यातून येते, नाहीतर ट्रान्सफॉर्मरला खेटून गेलेल्या ऑडिओ वायरीतून. तिच्याहून बरोबर एक सप्तक वरची, १०० हर्ट्झची गुणगुण असेल तर रेक्टिफायरनंतरचा (एसीची डीसी करणाऱ्या भागानंतरचा) फिल्टर कपॅसिटर वाळलेला असण्याचा संशय घ्या. इथे मात्र दोष खरोखर त्याच यंत्रात असतो, तेव्हा ते दुकानात नेणं बरोबर.

लय १०० हर्ट्झचीच पण आवाज काटेरी, 'झर्रर्र' असा असेल, तर मेन्सच्या प्रत्येक अर्ध्या लाटेला कुणीतरी वीज खटकन जोडतंय. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दिव्याचा डिमर किंवा स्वस्तातला एलईडी बल्ब यांपैकी कुणीतरी असतो.

'टिर्रिक-टिर्रिक-टिर्रर्र' हा आवाज टूजी फोनचा. जीएसएममध्ये फोन ४.६१५ मिलिसेकंदांच्या चौकटीत एकदाच बोलतो, म्हणजे सेकंदाला सुमारे २१७ वेळा त्याचा ट्रान्समीटर चालू-बंद होतो. ॲम्प्लिफायरच्या पहिल्या टप्प्यातला ट्रान्झिस्टर ती उघडझाप ऐकण्याजोगी करून टाकतो. फोन वाजण्याच्या क्षणभर आधी स्पीकर बोलतो तो यामुळे. यावर इलाज म्हणजे फोन हातभर लांब ठेवणे, बाकी काही नाही.

अनियमित तडतड ही ठिणगीची खूण. सैल होल्डर, जळालेलं बटण, फ्रिजचा किंवा इस्त्रीचा थर्मोस्टॅट, नाहीतर बाहेरची वीजवाहिनी. ही तडतड बटणातून किंवा प्लगमधून येत असेल तर रेडिओचं राहू द्या, आधी वायरमन बोलवा. सैल जोडातली ठिणगी आग लावते.

आणखी एक खूण नव्या डिजिटल रेडिओवर सहज दिसते. स्टेशन बदलत पुढे गेलात आणि खरखर साधारण ६५-६५ किलोहर्ट्झच्या अंतरावर वर येत असेल, तर ती स्विचिंग पॉवर सप्लायची, म्हणजे कुठल्यातरी चार्जरची किंवा अडॅप्टरची. कित्येक अडॅप्टर ६५ किलोहर्ट्झलाच का चालतात, याचं कारण गमतीचं आहे. अशा उपकरणांसाठी तारेवाटे बाहेर पडणाऱ्या गोंगाटाची मर्यादा १५० किलोहर्ट्झपासून वर मोजली जाते. ६५ ची दुप्पट १३०, म्हणजे मूळ सूर आणि त्याचा पहिला, सगळ्यात दांडगा पडसाद दोन्ही मोजपट्टीच्या खालून निसटतात. त्यापुढचे पडसाद फिल्टरनं दाबायचे असतात, आणि स्वस्त अडॅप्टरमध्ये तो फिल्टरच गाळलेला असतो. छापील पट्टीवर कॉइलची आणि कपॅसिटरची जागा आखलेली, पण तिथे कॉइलऐवजी नुसती तारेची उडी मारलेली, हे दृश्य रिपेअरवाल्यांना नवीन नाही.

माग काढणे

ट्रान्झिस्टर सेलवरच चालवा. अडॅप्टर लावलात तर मेन्सचा गोंगाट थेट आत येईल आणि काहीच कळणार नाही. डायलवर जिथे एकही केंद्र नाही अशी जागा निवडा. आपल्याकडे मिडियम वेव्ह ५३१ पासून १६०२ किलोहर्ट्झपर्यंत, नऊ-नऊच्या पायऱ्यांनी जाते. खालच्या टोकाला गोंगाट सहसा जास्त ऐकू येतो.

आता घरातल्या एमसीबी एकेक करून खाली करा. कॉम्प्युटर आधी रीतसर बंद करा, आणि फक्त खटका हलवायचा, डबा उघडायचा नाही. ज्या एमसीबीला खरखर थांबली त्या सर्किटवर गुन्हेगार आहे. मग ती वर करून त्या खोलीतले प्लग एकेक काढत जा. 'बटण बंद आहे' यावर विसंबू नका, प्लग काढाच. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, राउटर, वॉटर प्युरिफायर, गेटची बेल, डासांचं मशीन ही मंडळी बटण चालू ठेवूनच विसरली गेलेली असतात.

मेन स्विच बंद करूनही खरखर राहिली तर घाईनं शेजाऱ्यांकडे जाऊ नका. इन्व्हर्टर पाहा. मेन गेल्याबरोबर तो सुरू झालेला असतो आणि कित्येक घरांत अर्धे दिवे त्याच्यावर असतात. जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर लाइट गेल्यावर पंखा घुमतो आणि ॲम्प्लिफायर कुरकुरतो, ते त्याच्या काटकोनी लाटेमुळे. इन्व्हर्टर बंद करून पुन्हा ऐका. तरीही आवाज आहे, तर तो बाहेरून येतोय.

दिशा काढायची असेल तर रेडिओ हातात घेऊन हळूहळू गोल फिरवा. आतली फेराइटची कांडी केंद्राच्या किंवा गोंगाटाच्या दिशेला टोक करून आली की आवाज सर्वात कमी होतो. दूरच्या केंद्रासाठी ही युक्ती चोख चालते. घरातल्या गोंगाटासाठी ती ढोबळच, कारण गोंगाट भिंतीतल्या वायरिंगमधून सगळीकडे पसरलेला असतो. ७९२ किलोहर्ट्झची तरंगलांबी जवळजवळ ३८० मीटर आहे, आणि तिच्या सहाव्या भागाच्या आतला, म्हणजे साठ मीटरपर्यंतचा सगळा प्रदेश निकटक्षेत्रात, म्हणजे उगमालगतच्या टापूत मोडतो. आपलं अख्खं घर त्यात बसतं. तिथे लहानशा वेटोळ्यातून निघणारं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनानुसार घटतं. अंतर दुप्पट केलं की अष्टमांश. त्यामुळे रेडिओ चार्जरपासून दीड फुटावरून तीन फुटांवर नेल्यानं जो फरक पडतो, तो कधीकधी फिल्टरनंही पडत नाही. फुकटातला उपाय आहे, आधी करून पाहा. ट्रान्झिस्टर वायरिंगच्या पट्टीलगत नेत जा आणि आवाज कुठे वाढतो ते ऐका. भिंतीत कुठून वायर गेली आहे, हेही त्यातच कळतं.

नेहमीचे संशयित

एलईडी बल्ब पहिला. दिवेलागणीला येणारी खरखर बहुतेक वेळा त्याचीच. बल्बाच्या टोपीत इतकी थोडी जागा असते की ड्रायव्हरमध्ये, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये, फिल्टर कॉइलला काट मारणं सगळ्यात सोपं. बल्बावरचा मानक चिन्हाचा शिक्का पाहून निश्चिंत होऊ नका. ती नोंदणी मुख्यतः सुरक्षिततेची असते, रेडिओला त्रास होणार नाही याची हमी त्यात धरू नये. दुकानात बल्ब लावून दाखवतात तेव्हा ट्रान्झिस्टर खिशातून काढा, रिकाम्या जागी लावा आणि वितीभर अंतरावर धरा. दुकानदार वेड्यासारखं बघेल, बघू द्या.

बल्बात आणखी एक जात असते, जिच्यात उघडझाप करणारा ड्रायव्हरच नसतो. एलईडींच्या त्याच पट्टीवर एक लिनिअर आयसी बसवलेली असते. ती रेडिओसाठी जवळजवळ मुकी. पण पंख्याच्या पात्यांवर किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यात १०० हर्ट्झची लुकलुक दिसू शकते. जिन्यात, गॅलरीत, रेडिओच्या खोलीत हे बल्ब चालतात. अभ्यासाच्या टेबलावर मी लावणार नाही.

पंख्याचा रेग्युलेटर दुसरा. गोल फिरणारा, पायरी नसलेला रेग्युलेटर आत ट्रायॅक, म्हणजे इलेक्ट्रॉनिक खटका, घेऊन बसलेला असतो. तो प्रत्येक अर्ध्या लाटेत मधेच वीज जोडतो, सेकंदाला शंभर वेळा. ओळखायची खूण अशी की बटण फिरवताना खरखरीचा रंग बदलतो, आणि मधल्या वेगावर ती सर्वात जास्त असते, कारण तेव्हा ट्रायॅक लाटेच्या माथ्यावर खटकतो. पूर्ण वेगावर जवळजवळ थांबते. इथे फिल्टरच्या नादी लागू नका. पायऱ्यांचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवा, विषय संपला.

जुन्या चोकच्या ट्यूबलाइट अजून टिकून आहेत. त्यांच्या स्टार्टरच्या डबीत काचेच्या नळीला समांतर एक छोटासा कपॅसिटर असतो, तो रेडिओचा त्रास कमी करायलाच ठेवलेला. ट्यूब लुकलुकत राहते आणि रेडिओ तडतडतो, तेव्हा स्टार्टर बदलून पाहा.

छतावरच्या सौर इन्व्हर्टरचा आणि शेतातल्या एसी सौर पंपाच्या कंट्रोलरचा गोंगाट वेळेवरून पकडता येतो. सूर्य वर आला की सुरू, ढग आला की बदलतो, मावळला की बंद. पंपाच्या कंट्रोलरमध्ये व्हीएफडी (मोटारचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह) असतो आणि तो मोटारला साइन लाट देत नाही, काटकोनी ठोके देतो. कंट्रोलरपासून मोटारपर्यंतची लांब केबल त्या ठोक्यांची अँटेना होते. तिन्ही फेज आणि अर्थ एकाच केबलमध्ये, एकत्र पीळ घालून न्यायच्या; चिलखती किंवा शील्डची केबल असेल तर शील्ड दोन्ही टोकांना पक्कं अर्थ करायचं, आणि ते पट्टीनं सर्व बाजूंनी आवळून. शील्डची शेपटी पिळून एका स्क्रूला लावली की उच्च वारंवारतेला तिचा फारसा उपयोग उरत नाही. ड्राइव्हमध्ये कॅरिअर फ्रीक्वेन्सी, म्हणजे त्या ठोक्यांचा वेग, कमी करायची सोय असेल तर तीही करून पाहावी. मोटार थोडी जास्त गाणं म्हणेल, रेडिओ कमी ओरडेल.

आणि वीजवाहिन्या. खांबावरच्या सैल क्लॅम्पमध्ये किंवा गंजलेल्या पिनेत बारीक ठिणगी चालू असते. तिची सवय विचित्र आहे: कोरड्या, वाऱ्याच्या दिवसांत जोर, आणि पहिल्या पावसात गप्प, कारण ओलाव्यानं ती बारीक फट विजेला भरून मिळते. उलट धुक्यात, दमट पहाटे वाढत असेल तर इन्सुलेटरवर धुळीचा आणि मिठाचा थर बसला असण्याची शक्यता जास्त. किनारपट्टीवर हे नेहमीचं. ट्रान्झिस्टर घेऊन रस्त्यानं चाला, ज्या खांबाखाली आवाज कमाल होतो त्याचा नंबर लिहून घ्या आणि वीज कंपनीकडे तक्रार नोंदवा. 'रेडिओ खरखरतो' असं म्हणू नका. 'अमुक नंबरच्या खांबावर ठिणगी पडतेय' म्हणा. खांबाला हात लावू नका, ताण-तारेलाही नाही.

या ठिणग्यांचा जाच फक्त आपल्यालाच आहे असं नाही. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना, २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. ती जागा निवडताना तिथला मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणं हा मोठा मुद्दा होता. दूरच्या दीर्घिकेतून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की वीजवाहिनीवरची एक ठिणगीही त्यात ठळक उमटते. आपला रेडिओ त्यामानानं फारच सहनशील म्हणायचा.

वाट तोडणे: फेराइट, आणि तो का फसतो

उगम सापडला पण बदलता येत नाही, मग वाट तोडायची. इथे एक गोष्ट नीट समजून घेतली की पैसे वाचतात. गोंगाट दोन तऱ्हेनं जातो. एक म्हणजे फेजमधून जाऊन न्यूट्रलनं परत येतो, हा डिफरन्शियल मोड. दुसऱ्यात तो फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर एकाच दिशेनं, जोडीनं निघतो आणि परतीची वाट अर्थिंग, भिंत, जमीन किंवा तुमच्या शरीरातून शोधतो. हा कॉमन मोड. लांबवर पोचून त्रास देणारा बहुधा हाच, कारण मग अख्खी वायर अँटेनाचं काम करते.

चार्जिंगला लावलेल्या फोनची स्क्रीन नाचते ती याच कॉमन मोडमुळे. दोन पिनांच्या चार्जरला अर्थ नसतो, त्यामुळे फोन सगळाच्या सगळा गोंगाटाच्या तालावर वरखाली होत असतो. स्क्रीन तुमच्या बोटाची अगदी क्षीण धारिता मोजते, आणि बोट तर जमिनीशी जोडलेलं. मग फोनला बोट हलल्याचा भास होतो. चार्जर काढून पॉवर बँक लावा. स्क्रीन शांत झाली तर ती बदलण्याचा खर्च वाचला. चांगल्या चार्जरमध्ये हा गोंगाट आतल्या आत परत वळवायला दोन्ही बाजूंमध्ये वाय-कपॅसिटर असतो. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर जी हलकी झिणझिण जाणवते, तीही बहुधा त्याच कपॅसिटरमधून येणाऱ्या इवल्याशा प्रवाहाची. तीन पिनांचा अडॅप्टर खऱ्या अर्थिंगला लावला की सहसा थांबते.

आता फेराइट. वायरीवर चिमटा मारून बसवायची ती काळी डबी. दोन्ही तारा एकत्र तिच्यातून गेल्या की ती फक्त कॉमन मोड अडवते. लोक एक डबी आणतात, अडॅप्टरच्या वायरीवर लावतात, फरक शून्य, आणि फेराइट हे थोतांड असं जाहीर करतात. थोतांड नाही. कॉम्प्युटरच्या केबलींसाठी मिळणाऱ्या डब्यांचा मसाला बहुधा पंचवीस-तीस मेगाहर्ट्झच्या वर काम करणारा असतो. आपला त्रास एका मेगाहर्ट्झच्या आसपास. तिथे एका फेरीनं काहीच अडत नाही. पण फेऱ्या वाढवल्या की अडथळा फेऱ्यांच्या वर्गानं वाढतो: तीन फेऱ्यांना नऊपट, सातला जवळजवळ पन्नासपट. तेव्हा मोठ्या भोकाचा मँगनीज-झिंक फेराइटचा कडा घ्या, जुन्या रंगीत टीव्हीच्या डिफ्लेक्शन योकमधलाही चालतो, आणि अडॅप्टरची अख्खी वायर त्यात सात-आठ फेऱ्या गुंडाळा. शक्यतो अडॅप्टरच्या अगदी जवळ. गोंगाट अर्धी खोली फिरून आल्यावर त्याला अडवण्यात हशील नाही.

एफएममध्ये, ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्रास असेल तर उलट. तिथे साध्या डबीच्या एक-दोन फेऱ्या पुरतात. गाडीत डॅशकॅमचा चार्जर लावल्यावर एफएम बसतं, तिथे हे चालतं. डॅशकॅमची वायर अँटेनाच्या वायरीबरोबर एकाच खांबातून नेलेली असेल तर तिची वाट आधी बदला.

ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळण्याची शिफारस फार फिरते. पन्नास हर्ट्झच्या चुंबकीय गुणगुणीला हा पातळ कागद जवळजवळ अडवतच नाही, आणि जो गोंगाट तारेतून येतो त्याला वेष्टनाशी काही घेणंदेणं नाही. मोबाइलवर चिकटवायच्या 'रेडिएशन चिप'बद्दल तर बोलायलाच नको.

अर्थिंगचा फेरा

ॲम्प्लिफायरमधली ५० हर्ट्झची 'हूं' बहुतेक वेळा अशी तयार होते: ॲम्प्लिफायरला तीन पिनांतून एक अर्थ मिळतो, आणि टीव्हीच्या किंवा केबलच्या तारेच्या शील्डमधून दुसरा. दोन्ही अर्थांमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतोच, त्यातून शील्डमधून प्रवाह वाहतो आणि तो ऑडिओत मिसळतो. पडताळणी सोपी. बाहेरची केबल उपसा. 'हूं' थांबली तर फेरा तिथेच आहे. मग सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा. ते पुरलं नाही तर टीव्ही ते ॲम्प्लिफायर ऑप्टिकल केबल वापरा, प्रकाशातून सिग्नल गेला की विजेचा फेराच उरत नाही. ऑप्टिकलची सोय नसेल तर मधे ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. सीसीटीव्हीच्या चित्रात वर सरकणारे आडवे पट्टे दिसतात त्याचंही कारण बहुधा हेच. तिथे कॅमेऱ्याची धातूची बॉडी लोखंडी खांबाला टेकलेली नाही ना, हे आधी पाहा.

तिसरी पिन कापून 'हूं' घालवायचा उपाय मंडपवाल्यांपासून स्टुडिओवाल्यांपर्यंत सगळे जाणतात. गुणगुण जाते खरी. पण आत कधी फेज बॉडीला टेकली तर माइक हातात धरलेला माणूस अर्थ होतो. हा उपाय करू नका, केलेला दिसला तर पिन परत जोडून घ्या. त्याआधी घरात अर्थिंग आहे का तेही तपासून घ्या. कित्येक जुन्या इमारतींत सॉकेटला तिसरं भोक असतं आणि मागे तार नसते. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटरनं एक-दोन व्होल्ट दिसले तर ठीक, दहा-वीस दिसले तर वायरमनचं काम.

मंडपाचा विषय निघालाच आहे म्हणून: गणपतीत माइकची वायर आणि रोषणाईच्या वायरी एकाच बांबूला गुंडाळत नेतात, तिथेच घात होतो. वेगळ्या बाजूनं न्या, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा, आणि लांबच्या माइकला तीन तारांची बॅलन्स्ड केबलच वापरा.

पंप बंद झाला की सर्किट हँग

रिले (कॉइलनं चालणारा खटका) बोर्ड आणि ईएसपी किंवा आर्डुइनो हे छोटे कंट्रोलर वापरणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न. पंप चालू होताना नीट, बंद होताना अडकतं. कॉइलमधला प्रवाह एकदम तोडला की ती उलटा, मोठा व्होल्टेज फेकते. संपर्कांमध्ये ठिणगी पडते आणि तिचा गोंगाट आजूबाजूच्या सगळ्या तारांत शिरतो. प्रोग्राममध्ये काही बिघाड नसतो.

रिलेच्या डीसी कॉइलवर उलटा डायोड, १एन४००७, असलाच पाहिजे. तयार बोर्डवर तो असतो. खरा त्रास बाहेरच्या एसी बाजूचा असतो. पंपाच्या कॉन्टॅक्टरच्या (पंप जोडणाऱ्या मोठ्या रिलेच्या) कॉइलवर ०.१ मायक्रोफॅरडचा, मेन्सवर लावायलाच केलेला एक्स-२ कपॅसिटर आणि १०० ओहमचा रेझिस्टर एकामागे एक जोडून लावा. रेझिस्टर निदान अर्ध्या वॅटचा हवा. हा स्नबर रिलेच्या संपर्कांवर नको, कॉइलवर हवा. संपर्कांवर लावला तर बंद स्थितीतही त्यातून सुमारे सात मिलिअँपिअर वाहत राहतात आणि त्या लाइनवर एलईडी दिवा असेल तर तो रात्रभर मिणमिणतो. साधा सिरॅमिक कपॅसिटर इथे चालणार नाही; २३० व्होल्टवर एक्स-२ च. हे काम मेन स्विच बंद करूनच करायचं.

रिले बोर्डवर ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल देऊन दोन बाजू विजेनं वेगळ्या ठेवणारा भाग) आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. बोर्डच्या कडेला जेडी-व्हीसीसी लिहिलेला जंपर असतो. तो जागेवर असेपर्यंत रिले आणि कंट्रोलर एकाच सप्लायवर चालतात, मग ऑप्टोकपलर असून नसल्यासारखाच. जंपर काढा, रिलेला वेगळा पाच व्होल्टचा अडॅप्टर द्या, दोन्ही ग्राउंड जोडू नका. निम्म्या केसेस इथेच मिटतात.

राहिलेल्या निम्म्यांत सेन्सरची वायर दोषी. टाकीपासून वीस मीटर साधी रिबन केबल, पंपाच्या वायरीबरोबर एकाच पाइपातून. पाइप वेगळा करा, सिग्नल आणि ग्राउंडची जोडी पिळून न्या, कंट्रोलरच्या टोकाला पुल-अप रेझिस्टर (सिग्नलची तार सप्लायकडे ओढून धरणारा) कमी ओहमचा लावा, चिपच्या सप्लाय पिनांलगत ०.१ मायक्रोफॅरड बसवा. विहिरीपासून घरापर्यंतचं अंतर असेल तर आयटूसी वगैरे जवळच्या जवळ चालणाऱ्या जोडणीचा हट्ट सोडून आरएस-४८५ जोडणी घ्या. ते अशाच अंतरासाठी केलेलं आहे.

वायरलेस माउस अडखळतो

हे चटकन. डोंगल यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कशेजारी असेल तर तेच कारण. यूएसबी ३ च्या पाच गिगाबिटच्या वेगाचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर सांडतो. इंटेलनं २०१२ मध्येच हे मोजून प्रसिद्ध केलं होतं. डोंगल हातभर एक्स्टेंशन केबलवर लांब न्या किंवा दुसऱ्या बाजूच्या यूएसबी २ पोर्टमध्ये लावा. मायक्रोवेव्ह ओव्हन लावला की वायफाय रडतं, तिथे ५ गिगाहर्ट्झवर जा, ओव्हन २.४५ वर चालतो.

गेलेला आवाज काही महिन्यांनी परत का येतो

पहिलं कारण, मधल्या काळात कुणीतरी बल्ब बदलला. घरात विचारा. एकाच कंपनीच्या, एकाच खोक्याच्या दोन खेपांमध्येही आतलं सर्किट वेगळं निघतं.

दुसरं कारण अडॅप्टरचं म्हातारपण. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेनं वाळतात. ढोबळ हिशेबानं तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. सेट टॉप बॉक्सच्या मागे, हवा नसलेल्या कोनाड्यात बारा महिने चोवीस तास चालणारा अडॅप्टर म्हणूनच लवकर ओरडायला लागतो, आधी रेडिओत आणि नंतर बॉक्स स्वतःच मधूनमधून बंद पडून. माथा फुगलेला कपॅसिटर दिसला तर बदलताना १०५ अंशांचा, स्विचिंग सप्लायसाठी केलेला, कमी ईएसआरचा (आतला रोध कमी असलेला) घ्या. ८५ अंशांचा साधा घातला तर पुढच्या वर्षी हेच काम पुन्हा निघेल. आणि अडॅप्टर उघडण्याआधी प्लग काढून थोडा वेळ जाऊ द्या, मोठ्या कपॅसिटरवर तीनशे व्होल्टच्या वर साठा असतो. तो रेझिस्टरमधून उतरवून, मीटरनं शून्य बघूनच हात घाला.

तिसरं कारण गंज. कोकणात आणि समुद्राजवळ अर्थिंगचा नटबोल्ट, डिश अँटेनाचा कनेक्टर, स्पीकरचा जॅक यांवर थर चढतो आणि तो जोड डायोडसारखा वागायला लागतो. जवळच्या ताकदवान केंद्राचा आवाज मग विनाकारण स्पीकरमधून येतो. पॉलिश पेपरनं घासा, आवळा, वर थोडं ग्रीस लावा. पावसाळा संपला की एकदा, आणि पुढचा लागायच्या आधी एकदा.